खाजणातली शेवाळे: गोड्या आणि खाऱ्या पाण्यामधला संसार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते हाडाचे शिक्षक होते आणि वर्गापेक्षा खाडीवर अधिक रमत. म्हणून विषय खाडीचाच घेतला आहे. खाडीवर बोलणारे पुष्कळ आहेत. कोणी मासळीबद्दल बोलतो, कोणी तिवरांबद्दल, आणि थंडी पडली की रोहित पक्ष्यांबद्दल सगळेच बोलतात. मी या सगळ्यांना पोसणाऱ्या थराबद्दल बोलणार आहे. ओहोटी लागल्यावर उघड्या चिखलावर चढणारी सोनेरी-तपकिरी झाक, तिवराच्या श्वासमुळांवरचे काळपट जांभळे केस, श्रावणात खाजणातल्या भाताच्या बुडाशी तरंगणारे निळसर हिरवे पुंजके, मिठागरातले तांबूस पाणी, ही सगळी शेवाळांची रूपे. गोडे पाणी आणि खारे पाणी जिथे भेटते तिथे त्यांचे समाज उभे राहतात, मोडतात, पुन्हा उभे राहतात. हा सगळा संसार पाण्याच्या ये-जा करण्यावर चालतो. आपले कायदे, आपल्या योजना, आपले निसर्गप्रेमसुद्धा झाडे मोजते, पक्षी मोजते, पाण्याची ये-जा मात्र मोजत नाही. माझे मुख्य सांगणे हेच आहे. पण ते पटायचे तर आधी चिखलात उतरावे लागेल.

ठाण्याच्या खाडीत, शिवडीला किंवा ऐरोलीला, उधाणाची ओहोटी पूर्ण उतरली की चिखलाचे मोठे मैदान उघडे पडते. पहिल्यांदा ते राखाडी दिसते. ऊन असेल तर थोड्याच वेळात त्यावर तपकिरी रंग येतो. हा रंग चिखलाच्या आतून वर आलेल्या डायाटमांचा असतो. डायाटम ही एकपेशीय शेवाळे. त्यांची भिंत सिलिकेची, म्हणजे वाळूत आणि काचेत जे द्रव्य असते त्याचीच. भिंतीचे दोन भाग असतात आणि एक दुसऱ्यावर डब्याच्या झाकणासारखा बसतो. मराठी विश्वकोशात यांना करंडक वनस्पती म्हटले आहे. पेशी विभागते तेव्हा दोन्ही लेकींना आईच्या भिंतीचा एकेक भाग मिळतो, आणि दोघीही त्याला झाकण करून आत नवा तळ घडवतात. त्यामुळे एक लेक आईएवढी राहते आणि दुसरी जराशी लहान निपजते. पिढ्यांमागून पिढ्या आकार घटत जातो. तो फारच घटला की लैंगिक प्रजननातून एक फुगीर पेशी तयार होते आणि वंश पुन्हा मूळ आकाराला येतो. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून दरवर्षी जेवढा प्राणवायू तयार होतो, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा डायाटमांचा असतो असे मानतात.

चिखलातल्या डायाटमांना पाय नाहीत, शेपूट नाही, तरीही ती प्रवास करतात. त्यांच्या कवचाला एक लांबट फट असते. तिच्यातून चिकट द्रव पाझरतो आणि त्याच्या आधाराने पेशी घसरत पुढे जाते. ओल्या चिखलात प्रकाश दोन-तीन मिलिमीटरच्या खाली पोचत नाही, म्हणून प्रवासही तेवढाच. दिवसा ओहोटी असली की वर यायचे, भरतीचे पाणी परतण्याआधी खाली जायचे. लाट येईपर्यंत थांबले तर वाहून जाण्याची भीती. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि हे वेळापत्रक या पेशींच्या आत भिनलेले असते. खाडीतला चिखल प्रयोगशाळेत आणून ठेवला, तिथे भरती नाही, ओहोटी नाही, तरी काही दिवस त्यातली डायाटम खाडीच्या वेळेप्रमाणेच वर येतात आणि खाली जातात. मी विद्यार्थ्यांना हे दाखवत असे. काचेच्या बशीत ठेवलेला राखाडी चिखल ठरल्या वेळी तपकिरी होताना पाहिला की वर्गात आपोआप शांतता होई. पुढे शैवालशास्त्र शिकायचे की नाही याचा निर्णय पुष्कळांनी त्या बशीपाशीच घेतला.

हा चिकट द्रव चिखलाचे बारीक कण एकमेकांना बांधतो. ज्या चिखलावर डायाटमांचा चांगला थर आहे तो लाटांनी सहज धुपत नाही. किनारा राखण्याचे काम तिवर करतात हे आता शाळेतली मुलेही सांगतात. तिवरांच्या पुढच्या उघड्या चिखलाला ही अदृश्य पेशीसेना बांधून ठेवते, हे मात्र कोणी सांगत नाही.

आता या थरावर कोण जगते ते पाहा. निवटी चिखलावर पोट टेकून, डोके डावी-उजवीकडे हलवत वरचा पापुद्रा खरवडते. आगरी-कोळी घरांतून निवटीचे कालवण होते, आणि त्या निवटीचे मुख्य अन्न म्हणजे हीच डायाटम. बोय चिखल तोंडात घेते, खाण्याजोगे गाळते आणि उरलेले थुंकते. कालवे आणि तिसऱ्या पाणी गाळून सूक्ष्म शेवाळे टिपतात. खारेपाटातल्या तळ्यांत वाढणारा जिताडा मांसाहारी, पण तो जी लहान मासळी आणि कोलंबी खातो ती याच थरावर पोसलेली असते. आणि लहान रोहित! त्याची चोच खाली वाकलेली, आतून बारीक झालरींनी भरलेली. तो मान खाली घालतो, चोच उलटी धरतो आणि पाणी-चिखल गाळून शेवाळे वेगळी करतो. पूर्व आफ्रिकेतल्या क्षारीय सरोवरांत त्याचे अन्न बहुतांशी निळी-हिरवी शेवाळे, आपल्या खाड्यांत त्यांच्या जोडीला डायाटम. पिसांचा गुलाबी रंग या अन्नातल्या कॅरोटिनवर्गीय रंगद्रव्यांतून येतो. ज्या रंगासाठी हजारो माणसे कॅमेरे घेऊन खाडीवर जातात तो चिखलातून आलेला असतो.

शेवाळांना मिठाचा प्रश्न फार जवळचा असतो. पेशी म्हणजे पातळ पडद्याआडचे पाणी. बाहेर मीठ वाढले की आतले पाणी बाहेर ओढले जाते, मीठ घटले की बाहेरचे पाणी आत घुसते आणि पेशी फुगते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मांडवी आणि जुवारीच्या खाड्यांत मे महिन्यात मुखाजवळचे पाणी जवळपास समुद्राएवढे खारट असते. पावसाळा भरात आला की तिथेच वरचे पाणी गोड्याच्या जवळ येते. या दोन टोकांमध्ये रोजच्या दोन भरत्या, दोन ओहोट्या आणि पंधरवड्याचे उधाण-भांग.

एवढी उलथापालथ सोसण्यासाठी शेवाळांनी वेगवेगळे उपाय शोधले आहेत. निळ्या-हिरव्या शेवाळांत तर मिठाप्रमाणे उपायांची चढती भाजणीच दिसते. गोड्या पाण्यातल्या जाती पेशीत साखर साठवून थोडेफार मीठ सोसतात. मचूळ आणि सागरी पाण्यातल्या जाती ग्लुकोसिल-ग्लिसरॉल नावाचे संयुग बनवतात. मिठागराच्या तोडीचा खारटपणा सोसणाऱ्या जाती ग्लायसिन बीटेनवर विसंबतात. पेशीच्या आत काय साठले आहे ते तपासले तर ती कोणत्या पाण्यात राहणारी आहे हे सांगता येते.

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अडोल्फ रेमाने यांनी १९३४ साली बाल्टिक समुद्राच्या अभ्यासावरून मांडले की लिटरला पाच ते आठ ग्रॅम क्षार असलेल्या मचूळ पाण्यात जातींची संख्या सर्वांत कमी असते: गोड्या पाण्यातले जीव तिथे पोचत नाहीत आणि समुद्रातले टिकत नाहीत. त्यांचे मांडणे मुख्यतः तळाशी राहणाऱ्या प्राण्यांबद्दल होते, पण पाठ्यपुस्तकांतून ते सरसकट सगळ्या जीवांना लावले गेले. माझ्या मते आपल्या किनाऱ्यावर, निदान शेवाळांच्या बाबतीत, ते जसेच्या तसे लावणे चूक आहे. बाल्टिकमध्ये भरती-ओहोटी नाममात्र आहे आणि मीठ एकेका जागी बरेचसे स्थिर असते. कोकणातली खाडी एका जागी उभे राहून पाहिली तर वर्षभरात गोडी, मचूळ आणि खारी अशी तिन्ही होते. इथे एका जागेत एकामागून एक येणारे समाज राहतात. पावसाळ्यात मांडवी-जुवारीत स्केलेटोनेमा नावाचे साखळीने वाढणारे डायाटम उसळते, नंतर पाणी खारट होत जाते तसे दुसरे समुद्री डायाटम आणि द्विकशाभिक (डायनोफ्लॅजेलेट) येतात. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली, आणि या दोन खाड्यांचा अभ्यास तिने सातत्याने केला आहे. कोकणातल्या इतर खाड्यांच्या वाट्याला असे सातत्य आलेले नाही.

वाशिष्ठीची गोष्ट तर आणखी निराळी. कोयनेचे पाणी सह्याद्री फोडून पश्चिमेला पोफळीकडे उतरते, वीज तयार करते आणि वाशिष्ठीला मिळते. म्हणजे ज्या काळात कोकणातल्या बाकी नद्या आटलेल्या असतात त्या काळातही वाशिष्ठीतून गोडे पाणी दाभोळच्या खाडीकडे जात राहते. या खाडीच्या वरच्या भागातल्या मिठाचे प्रमाण उन्हाळ्यात वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावरही ठरते. चिपळूणच्या कोणा विद्यार्थ्याला प्रबंधाला विषय हवा असेल तर याहून चांगला विषय मला सुचत नाही.

आता खाजणाकडे येतो. माझ्या मते माणूस आणि शेवाळ यांच्यातला सर्वांत शहाणा करार खाजणात झालेला आहे. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजण जमीन सांगितली जाते. रायगडच्या खारेपाटात, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खाडीकाठांवर तिचीच भावंडे आहेत. मातीचा बांध घालून खाडीचे पाणी थोपवायचे, आणि बांधात एक दार ठेवायचे. गोव्यात त्याला मानस म्हणतात, आपल्याकडे उघाडी. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा मानशीची फळी आपोआप मिटते. ओहोटीला आतले पाणी तिला बाहेर ढकलते आणि ती उघडते. जून-जुलैचा पाऊस जमिनीतले मीठ विरघळवतो, ते या दारातून निघून जाते, आणि मीठ सोसणारे कोरगुटासारखे भात उभे राहते. कापणी झाली की दार उलट्या कामाला लागते. खारे पाणी आत घेतले जाते, त्याबरोबर कोलंबी आणि मासळी येते.

म्हणजे तेच शेत चार महिने गोड्या पाण्याची पाणथळ जागा असते आणि उरलेले महिने मचूळ किंवा खारी. शेवाळांचे दोन संपूर्ण समाज एकाच चिखलात पाळीने नांदतात. पावसाळ्यात अॅनाबिना, नॉस्टॉक, ऑलोसिरा, टोलिपोथ्रिक्स. यांच्या धाग्यांत मधूनमधून जाड भिंतीच्या फिकट पेशी असतात. हवेतला नत्र भाताला वापरता येईल अशा रूपात आणण्याचे काम याच पेशींत चालते. ते काम करणारे विकर प्राणवायूने निकामी होते, म्हणून या पेशी प्राणवायूला बाहेर ठेवणारी भिंत घालतात आणि स्वतः प्राणवायू तयार करणे थांबवतात. भातखाचरातला नत्राचा साठा टिकतो तो निळ्या-हिरव्या शेवाळांमुळे, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवले. पुढे बनारसला आर. एन. सिंह यांनी आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी हे काम शेतापर्यंत नेले. एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. युरिया टाकला की हीच शेवाळे काम थांबवतात, कारण आयते नत्र मिळत असताना त्या खास पेशी घडवण्याचे त्यांना कारण उरत नाही. खाजणातला जुना शेतकरी खत न घालता पीक काढत असे, त्यामागे भरतीबरोबर येणारा गाळ जसा होता तशी ही शेवाळेही होती.

दिवाळीनंतर खारे पाणी आत आले की हा समाज मावळतो, पण जाण्याआधी जाड भिंतीचे विश्रामी बीजाणू चिखलात सोडून जातो. त्यांची चिवट वृत्ती थक्क करणारी आहे. संग्रहालयात वाळवून ठेवलेल्या नॉस्टॉकचे नमुने सुमारे शंभर वर्षांनी पाणी मिळताच पुन्हा वाढल्याची नोंद आहे. खाजणाच्या चिखलात आठ महिने काढणे त्या मानाने सोपे. मग वर ऑसिलेटोरिया, लिंगबिया, मायक्रोकोलियसचे गालिचे पसरतात, एंटेरोमॉर्फा आणि रायझोक्लोनियमचे हिरवे धागे कोंडीत वाढतात, चिखलावर खाऱ्या पाण्यातली डायाटम येतात, आणि त्यांच्यावर कोलंबी पोसते. एकाच तुकड्यातून भात आणि मासळी दोन्ही मिळतात, कारण दोन्ही समाजांना आपापल्या पाळीचे पाणी मिळते. उघाडी मोडली, कोणी दुरुस्त केली नाही, आणि खारे पाणी बारमाही साचून राहिले तर पहिला समाज परतत नाही. उलट उघाडी कायमची बंद केली तर दुसरा मरतो.

मिठागरातही शेवाळांवाचून चालत नाही. पहिल्या खाचरांच्या तळाशी मायक्रोकोलियस आणि फॉर्मिडियमचा जाड थर बसतो आणि तळातून पाणी झिरपू देत नाही. त्याच्या गडद रंगामुळे ऊन जास्त शोषले जाते आणि पाणी लवकर आटते. मात्र काही जातींनी फार चिकट द्रव सोडला तर तेच पाणी घट्टसर होते आणि मीठ बारीक, मळकट पडते. शेवटच्या खाचरांत पाणी तांबडे होते. त्यात ड्युनालिएला हे एकपेशीय हिरवे शेवाळ असते, नाव हिरवे पण अंगात बीटा-कॅरोटिन इतके की पेशी नारिंगी-लाल दिसते. त्याला कठीण भिंत नसते. मिठाचा ताण ते पेशीत ग्लिसरॉल भरून सोसते. फ्रान्समध्ये मोंपेलियेजवळच्या मिठागरांतला हा लाल रंग मिशेल फेलिक्स ड्युनाल यांनी १८३८ साली पाहिला, आणि १९०५ साली या वंशाला त्यांचे नाव मिळाले. मीठप्रेमी सूक्ष्मजीवही अशा पाण्याला रंग देतात. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत ते कारण निघाले होते.

तिवरांच्या श्वासमुळांविषयी थोडक्यात सांगतो. चिखलातून पेन्सिलीसारख्या वर आलेल्या या मुळांवर बॉस्ट्रिकिया, कॅलोग्लोसा, कॅटेनेला ही लाल शेवाळांतली मंडळी राहतात. जगभरच्या खारफुटीत ही तिन्ही एकमेकांच्या सोबतीने आढळतात. सहा तास पाण्यात आणि सहा तास उघड्यावर, असे जगणे त्यांना साधलेले आहे. हिवाळ्यात खाडीत गेलात तर एक श्वासमूळ भिंगाखाली धरून पाहा. झाड तोडायचे नाही, मूळ उपटायचे नाही, नुसते पाहायचे.

खाजणाच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे, गोड्या पाण्याची तळी आणि जांभ्याचे सडे आहेत. पावसाळ्यात सड्यावरच्या खळग्यांत साचलेले पाणी मऊ, किंचित आम्ल आणि चुन्याचा अंश फार कमी असलेले असते. अशा पाण्यात डेस्मिड नावाची अतिशय देखणी हिरवी शेवाळे राहतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटावी असे दोन अर्धे जोडल्यासारखा त्यांचा आकार. सडे पडीक म्हणून नोंदले गेल्यामुळे त्यांच्यावर चिऱ्याच्या खाणी उघडतात, आणि त्या खळग्यांत काय होते हे कोणी पाहिलेलेही नसते. गोड्या पाण्यातल्या डायाटमांविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्यातला मोठा वाटा हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी या एका शिक्षकाचा. १९५० नंतरच्या दशकांत कोल्हापूर, राधानगरी, धारवाड, गिरसप्पा, मुंबई अशा ठिकाणांहून त्यांनी नमुने गोळा केले, कितीतरी नव्या जातींची वर्णने लिहिली, हाताने रेखाटने काढली. महाविद्यालयात शिकवत, साध्या साधनांनी केलेले हे काम आजही जगभरचे अभ्यासक उघडतात.

आता जे बिघडते आहे त्याबद्दल. सह्याद्रीचा काळा पाषाण पावसाने झिजतो आणि त्यातली सिलिका विरघळून नद्यांतून खाडीत येते. डायाटमांची भिंत त्यातून घडते. शहराचे सांडपाणी खाडीत नत्र आणि स्फुरद आणते, सिलिका आणत नाही. नत्र-स्फुरद वाढत गेले आणि सिलिका तेवढीच राहिली की डायाटम मागे पडतात, ज्यांना सिलिका लागत नाही ती शेवाळे पुढे येतात. त्यांतली काही विषारी असतात. गोड्या तळ्यांतले मायक्रोसिस्टिस यकृताला घातक विष तयार करते. मोठी धरणे तर सिलिकाही अडवतात, कारण धरणात वाढलेली डायाटम तिथेच तळाला बसतात.

ठाण्याच्या खाडीत रोहितांची संख्या वाढली ती सांडपाण्यावर वाढलेल्या शेवाळांमुळे असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा दिलासा खोटा आहे. थोडे खत मिळालेल्या चिखलावर शेवाळ वाढते हे खरे. तेच प्रमाण वाढले की रात्री शेवाळे आणि त्यांच्यावर जगणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, आणि निवटी-बोयीपासून सगळे कोलमडते. पक्षी आले म्हणजे खाडी बरी आहे असा निष्कर्ष काढू नये.

नवी मुंबईत नेरूळच्या एका तळ्याने हे २०२४ साली डोळ्यांसमोर दाखवले. खाडीचे पाणी आत येण्याची वाट अडली, तळे आटत गेले, साचलेल्या पाण्यावर शेवाळाचा जाड थर आला आणि रोहित तिथून गेले. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, शेवाळ तर वाढले, मग पक्षी का गेले? भरती-ओहोटीच्या चिखलावर रोज उगवणारा बारीक थर आणि कुजत्या पाण्यावरचा गालिचा ही वेगवेगळ्या समाजांची कामे आहेत. पहिला समाज पाण्याच्या ये-जाने जगतो, दुसरा ती थांबल्यावर येतो.

ठाणे खाडी रोहित अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ साली ते रामसर स्थळ झाले. १,६९० हेक्टरांपैकी सुमारे ८९६ हेक्टर तिवरवन आणि ७९४ हेक्टर पाणी व चिखल. तिवर तोडण्यावर उच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१८ साली तर तिवरतोड हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भंग ठरवला. हे निकाल मोलाचे आहेत आणि त्यांच्यासाठी झगडलेल्यांचा मी ऋणी आहे. तरीही इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. तिवर लावणे हा आता सोहळा झाला आहे, आणि तो सोहळा पुष्कळदा उघड्या चिखलावर होतो. गाळ वाढल्यामुळे ठाणे खाडीत तिवर आपोआपच आत सरकत आहेत. जिथे सावली पडते तिथे चिखलावरची डायाटम घटतात, रोहितांना उतरायला मैदान उरत नाही. उघडा चिखल रिकामा नाही. तिथे रोपे लावू नका.

कायद्यातली दुसरी अडचण याहून मोठी आहे. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत पाणथळ जागेची जी व्याख्या आहे, तिच्यातून नदीपात्रे, भातशेती, आणि मीठ किंवा मत्स्यशेतीसाठी खास बांधलेल्या जागा वगळल्या आहेत. म्हणजे मी आज ज्यांच्याबद्दल बोललो त्यातले खाजणातले भात आणि मिठागर, दोन्ही त्या नियमांपुरते पाणथळ नाहीत. मुंबईत सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ साली झाला. गरिबांना घरे मिळालीच पाहिजेत, पण भरतीचे पाणी सामावून घेणाऱ्या जमिनीवर ती बांधणे त्या गरिबांवरही अन्याय आहे.

किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत मात्र एक शब्दयोजना आपल्या उपयोगाची आहे. जे चिखलपट्टे जैविकदृष्ट्या सक्रिय आहेत त्यांना तिथे सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे. चिखलपट्टा सक्रिय आहे हे सिद्ध कसे करायचे? पक्षी ऋतूपुरते येतात, नसले की बांधकाम करणारा म्हणतो, इथे काही नाही. डायाटम बारा महिने असतात. त्यांची कवचे आम्लाने स्वच्छ करून काचपट्टीवर बसवली की ती पट्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी, कोणत्या पाण्यातल्या जाती होत्या हे कोणालाही पुन्हा तपासता येते. असा पुरावा नाकारणे अवघड आहे, आणि तो गोळा करायला मोठा निधी लागत नाही. सूक्ष्मदर्शक लागतो, तो प्रत्येक महाविद्यालयात आहे. मीठ मोजायचे साधे यंत्र लागते. आणि दर महिन्याला त्याच जागी जाणारा माणूस लागतो.

म्हणून डहाणूपासून काणकोणपर्यंतच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. आपल्या महाविद्यालयाजवळची एक खाडी, एक खाजण, जमल्यास एक मिठागर निवडा. दर अमावास्येच्या ओहोटीला तिथला चिखल आणि पाणी घ्या, मीठ मोजा, काचपट्टी करा, तारीख घाला आणि ती कपाटात नीट ठेवा. उघाडी चालू आहे की मोडली, खाडीचे पाणी आत आणणारा पाइप बुजला की मोकळा आहे, हेही त्याच वहीत लिहा. गावकऱ्यांना सोबत घ्या, कारण पाणी कधी अडले हे त्यांना आधी कळते. पहिला नमुना येत्या मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी घ्या, म्हणजे खाजण खारे असतानाची नोंद हाती असेल. ज्यांना काचपट्ट्या करायला शिकायचे असेल त्यांनी व्याख्यानानंतर मला भेटावे. मी शिकवायला येईन.